विटेचा वास्तुशिल्पी : लुई कान

चार भिंती आणि वर छप्पर एवढ्याने वास्तुकला सिद्ध होत नाही. ऊन, वारा, पाऊस आणि राहणारा माणूस यांचा विचार भिंतीत उतरावा लागतो. अमेरिकन वास्तुशिल्पी लुई कान (१९०१–१९७४) यांच्या कामाचा अभ्यास मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

कान बालपणीच एस्टोनियातून अमेरिकेत आले व फिलाडेल्फियात वाढले. कॅलिफोर्नियातील साल्क संस्था आणि टेक्सासमधील किंबेल कलासंग्रहालय या त्यांच्या वास्तू जगप्रसिद्ध आहेत. आपल्याला जवळची वास्तू मात्र अहमदाबादेत आहे. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्थेचे काम कान यांच्याकडे आले.

तेथे त्यांनी गिलावा न केलेली वीट वापरली. विटांची कमान भाराखाली आपले पाय बाहेर फाकवू पाहते. कान यांनी त्या पायांमध्ये काँक्रीटची आडवी तुळई घातली. धनुष्याची दोरी जशी दोन्ही टोके खेचून धरते, तशी ही तुळई कमानीला आवरते. खोल ओसऱ्यांमुळे ऊन खोलीबाहेरच अडते आणि वारा आत खेळतो. सिंदेवाहीचा उन्हाळा सोसणाऱ्या आपणांस याचे मर्म वेगळे सांगायला नको. आपल्या कवेलूच्या घराची पडवी हेच काम करते.

मार्च १९७४ मध्ये भारतातून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वेस्थानकावर कान यांचे निधन झाले. त्यांच्या फिलाडेल्फियातील कार्यालयात काम केलेले, मुंबईचे अनंत राजे यांनी पुढील बांधकाम सांभाळले. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था हीसुद्धा राजे यांचीच रचना आहे.

आता प्रश्न जतनाचा आहे. विटा झिजल्या, पाणी झिरपू लागले, २००१ च्या भूकंपाने तडे गेले. डिसेंबर २०२० मध्ये १८ पैकी १४ वसतिगृहे पाडण्याचे ठरले. जगभरातून विरोध होताच १ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय मागे घेण्यात आला. २०२२ मध्ये पुनर्बांधणीचा विषय पुन्हा निघाला. गळक्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याची सुरक्षितता आधी, हे मला मान्य आहे. परंतु झिजलेली वीट बदलता येते. पाडलेली वास्तू तशीच्या तशी परत येत नाही. म्हणून दुरुस्तीचे सर्व मार्ग संपल्यावरच पाडण्याचा विचार व्हावा, असे माझे मत आहे.

आपल्या परिसरातही मातीच्या भिंतींची, लाकडी खांबांची घरे जाऊन स्लॅबची घरे येत आहेत. ती सारी राखता येणार नाहीत. पण एखादे घर पाडण्यापूर्वी त्याची मापे घेऊन नकाशा काढणे आपल्या हाती आहे. तेवढे काम आपण विद्यार्थ्यांनी अवश्य अंगावर घ्यावे.