ट्रायथलॉनसाठी पोहण्याच्या बॅचला नाव घालताय?

गोव्यात २०१९ साली मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा झाली आणि आपल्याकडच्या हौशी खेळाडूंना समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं हे स्वप्न घराजवळ मिळालं. पुण्या-कोल्हापुरातली बरीच मंडळी धावणं आणि सायकल यांत आधीच मुरलेली आहेत. राहतं ते पोहणं. मग चाळिशीत टँकवरच्या पहाटेच्या ट्रायथलॉन बॅचला नाव घातलं जातं, आणि तीन-चार आठवड्यांत खांदा धरून माझ्याकडे येणं होतं. दुखणं बहुतेकांचं सारखंच, म्हणून नाव घालण्याआधीच हे वाचा.

तुमचं हृदय आणि फुप्फुसं वर्षानुवर्षांच्या धावण्यानं तयार झालेली आहेत. खांदे मात्र तयार नाहीत. शेजारच्या लेनमधला नवशिका दम लागला म्हणून थांबतो. तुम्हाला दम लागत नाही, म्हणून तुम्ही थांबत नाही. २५ मीटरच्या टँकमध्ये एका लांबीला साधारण २० हात मारले, तर दोन किलोमीटरला १६०० हात होतात. म्हणजे एकेका खांद्याच्या वाट्याला ८००. आठवड्यात तीन दिवस बॅच असेल तर २४००. दिवसभर संगणकापुढे पाठीला पोक काढून बसणाऱ्या माणसाच्या खांद्याला हे झेपायला महिने लागतात.

खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात जागेवर धरून ठेवण्याचं काम चार लहान स्नायू करतात, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. ते थकले की गोळा किंचित वर सरकतो आणि वरच्या हाडाखाली स्नायुबंध घासला जातो. पाण्यात शिरताना अंगठा आधी जात असेल, हात नाकासमोरची रेघ ओलांडून पलीकडे पडत असेल किंवा श्वास कायम एकाच बाजूला घेतला जात असेल, तर हे घासणं वाढतं. हाताला पॅडल लावलं की पाण्याचा रेटा वाढतो आणि तो सगळा खांद्यावरच येतो. बॅचमधले सगळे पॅडल घालत असले तरी पहिले दोन-तीन महिने तुम्ही घालू नका. पुलबॉयचं, म्हणजे मांड्यांत धरायच्या तरंगत्या ठोकळ्याचंही, तेच. धावणाऱ्यांचे घोटे कडक असतात, पाय बुडतात, त्यामुळे पायांत पुलबॉय धरला की एकदम सोपं वाटतं आणि त्याची सवय लागते. सोपं पायांना झालेलं असतं. काम खांदेच करत असतात.

पहिल्या दिवशी कोचना सरळ सांगा : ‘माझा दम चांगला आहे, पण पोहण्याचा सराव आठवड्याला एक-दीड किलोमीटरच आहे.’ आणि संथ लेन मागून घ्या. मॅरेथॉन पळणाऱ्याला संथ लेनमध्ये उभं राहणं जड जातं, हे मी रोज पाहतो. तरीही मागा. सेट १०० मीटरचे आठ असतील तर पाच करा आणि उरलेला वेळ सावकाश पोहा. थांबायचं कधी, हे ओळखायला घड्याळापेक्षा हात मोजणं बरं. सुरुवातीला एका लांबीला २० हात लागत होते आणि आता २४ लागू लागले, म्हणजे स्नायू थकलेत आणि हात वाकडा पडतोय. त्या दिवसाचं काम तिथं संपलं.

दोन्ही दंड सारखेच जड वाटले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोकळे झाले, तर ते चांगलं दुखणं आहे. पण एकाच खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, त्या कुशीवर झोपता न येणं, शर्टाच्या बाहीत हात घालताना कळ येणं, यांपैकी काहीही असेल तर पोहणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी खाऊन बॅचला जाऊ नका. दुखणं लपतं, घासणं चालूच राहतं.

आता जिवाशी संबंधित गोष्ट. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना तपासल्या गेल्या, तेव्हा १३५ घटना सापडल्या. त्यांतल्या ९० पोहताना घडल्या होत्या. बहुतेक जण पुरुष होते आणि सरासरी वय ४७च्या आसपास. शवविच्छेदन झालेल्यांपैकी अनेकांना आधीपासून हृदयाचा आजार होता. म्हणून चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर त्याआधीही, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. स्ट्रेस टेस्टची गरज तुमचे डॉक्टर ठरवतील. पोहताना छातीत आवळल्यासारखं झालं, धडधडलं, भोवळ आली किंवा न थांबणारा खोकला सुरू झाला, तर सेट पुरा करायच्या भरीस पडू नका. पाठीवर वळा, हात वर करा. समुद्रातल्या स्पर्धेत सुरक्षेची कयाक धरून विसावा घेता येतो. तिच्या आधारानं पुढं सरकला नाहीत तर आयर्नमॅनचे नियम तुम्हाला बादही करत नाहीत.

श्वास रोखून पाण्याखालून लांबी काढायची पैज काही बॅचमध्ये लागते. ती घेऊ नका, कोचनी सांगितली तरी घेऊ नका. आधी जोरजोरात श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. ती सूचना मिळायच्या आतच ऑक्सिजन संपतो आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो; उत्तम पोहणारेसुद्धा असे गेले आहेत. फ्रीस्टाइलमध्ये उलट सवय लावा : तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत श्वास बाहेर टाकत राहायचं. नवख्यांना जो गुदमरल्यासारखा घाबरेपणा येतो, तो पुष्कळदा श्वास बाहेर न सोडल्यामुळं येतो.

कानात पाणी राहिलं तर मान कलती करून निथळू द्या, काडी घालू नका. पडद्याला छिद्र असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारा. दम्याचा पंप टँकच्या काठावर हाताशी असू द्या. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहाटे रिकाम्या पोटी उतरू नका. साखर उतरल्यावर सुटणारा घाम पाण्यात कळत नाही. जाण्याआधी साखर तपासा, केळं खा, ग्लुकोजची पुडी काठावर ठेवा. आणि ज्यांना फिट येतात त्यांनी आपल्या डॉक्टरांची परवानगी घ्यावी, आणि कोचना व जीवरक्षकाला सांगितल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नये.