दप्तरातील नाव

रस्त्याने धावणाऱ्या प्रत्येक मोटारीस पुढे व मागे क्रमांकाची पाटी असते. 'एमएच ०९' अशी अक्षरे दिसली, की वाहनाची नोंद कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयात झाली आहे, हे जाणत्यास कळते. तेथील दप्तरात, म्हणजे आता संगणकात, त्या क्रमांकासमोर एक नाव लिहिलेले असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने सामान्यतः तोच वाहनाचा मालक होय. वाहन कोण वापरतो, किल्ली कोणाच्या खिशात असते, हे प्रश्न नंतरचे.

या मालकावर कायद्याने काही कर्तव्ये सोपविली आहेत. वाहनाचा विमा उतरविलेला असला पाहिजे. पत्ता बदलल्यास ३० दिवसांत कळविले पाहिजे. चालकाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप असेल व पोलिसांनी विचारणा केली, तर त्याचे नाव व पत्ता सांगितला पाहिजे. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती वाहन देणे, हा तर मालकाचाच अपराध ठरतो.

परंतु खरी गफलत होते ती विक्रीच्या वेळी. पैसे मिळाले, किल्ली दिली, की व्यवहार संपला असे पुष्कळांना वाटते. वास्तविक एकाच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत कार्यालयास कळवावयाचे असते. एका गृहस्थाने २००७ साली मोटार विकली. पुढे ती अनेकांच्या हातांतून गेली. दप्तरातील नाव मात्र बदलले नाही. २००९ साली त्या मोटारीने अपघात होऊन एकाचा प्राण गेला. भरपाई कोणी द्यावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २०१८ साली न्यायालयाने निर्णय दिला, की ज्याचे नाव दप्तरात आहे, तोच जबाबदार. पीडितांनी एकामागून एक खरेदीदार शोधीत का हिंडावे? विकणाऱ्यास हा निर्णय कठोर वाटेल. पण ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांचा विचार न्यायालयाने आधी केला.

२०१९ साली कायद्यात आणखी एक कलम आले. अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. आपणांस ठाऊक नव्हते, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करावयाचे. न केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.