वाणीचा बंदोबस्त : आधी ओल ओळखा

मृगाचा पाऊस झाला की सोयाबीन व कापसाची पेरणी उरकते. कोंब वर येतात आणि पाऊस ओढ देतो. अशा वेळी परभणी जिल्ह्यातील काही शेतांत ओळी विरळ दिसू लागतात. दिवसा पाहणी केली तर कीड दिसत नाही. बियाणेच खराब निघाले असे समजून दुबार पेरणीची तयारी सुरू होते. प्रत्यक्षात हे काम बरेचदा वाणीचे असते.

ओळख : वाणीला काही भागात 'पैसा' असेही म्हणतात. शरीर लांबट, वलयांचे व तपकिरी ते काळपट असते. बहुतेक वलयांवर पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. डिवचल्यास ती वेटोळे करून पडते. वाणी कीटकवर्गात मोडत नाही.

ओलावा व वर्तन : कीटकांच्या अंगावरील मेणचट थरामुळे शरीरातील पाणी टिकून राहते. वाणीच्या अंगावर असा पुरेसा थर नसतो व तिला श्वासरंध्रेही बंद करता येत नाहीत. कोरड्या हवेत ती सुकत जाते. म्हणून दिवसा ती ढेकळे, दगड, धसकटे व पालापाचोळा यांखाली दडते आणि रात्री बाहेर पडते. कुजका काडीकचरा हे तिचे नेहमीचे खाद्य आहे. पावसात खंड पडला की वरचा कचरा वाळतो. मग कोवळ्या, रसरशीत कोंबातून तिला अन्न व पाणी दोन्ही मिळते.

स्वतः पहा : परातीत अर्ध्या भागात ओली व अर्ध्या भागात कोरडी माती पसरा. मधोमध आठ-दहा वाणी चिमट्याने सोडून वर झाकण ठेवा. तासाभराने पाहिल्यास बहुतेक वाणी ओल्या बाजूस आढळतील. कोरड्यात त्या भटकत राहतात, ओल सापडली की थांबतात. याच सवयीचा उपयोग बंदोबस्तासाठी करावा.

उपाय :

१) पेरणीपूर्वी धसकटे व काडीकचरा वेचून कंपोस्ट खड्ड्यात टाकावा. बांध स्वच्छ ठेवावेत.

२) ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावरच पेरणी करावी, म्हणजे उगवणीच्या वेळी जमिनीत ओल राहील.

३) उगवणीनंतर रात्री बॅटरी घेऊन पाहणी करावी.

४) सायंकाळी शेतात जागोजागी ओल्या गवताचे लहान ढीग किंवा भिजवलेली गोणपाटे ठेवावीत. सकाळी ऊन तापण्यापूर्वी त्याखालील वाणी गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. हे काम गावातील शेजाऱ्यांनी मिळून केल्यास अधिक चांगले.

५) वाणी उघड्या हाताने धरू नये. तिच्या अंगातून निघणाऱ्या द्रवाने कातडीची आग होते.

६) प्रादुर्भाव आटोक्यात येत नसल्यास कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारूनच औषध वापरावे.

शेतकरी बंधूंनो, दुबार पेरणीचा निर्णय घेण्यापूर्वी एक रात्र शेतात फेरी मारा. बियाण्याचा दोष की वाणीचा उपद्रव, हे तेथेच कळेल.