दात काढल्यानंतर रक्ताची गुठळी जपा
लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात असो वा जवळच्या दवाखान्यात, दात काढल्यावर खाचेत रक्त साकळून बनणारी गुठळी हेच जखमेचे नैसर्गिक आवरण होय. ती निघाल्यास हाड उघडे पडून दोन-तीन दिवसांत तीव्र वेदना सुरू होतात. म्हणून दंतवैद्यांनी दिलेला बोळा अर्धा तास घट्ट चावून धरावा. पहिले २४ तास चूळ भरू नये; थुंकण्याऐवजी लाळ गिळावी. मऊ, थंड आहार घ्यावा. पान, तंबाखू, गुटखा व धूम्रपान जखम भरेपर्यंत वर्ज्य करावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरावी. थोडी सूज स्वाभाविक आहे. परंतु रक्तस्राव न थांबल्यास, ताप आल्यास किंवा वेदना वाढत गेल्यास त्वरित दंतवैद्यांना दाखवावे.