हृदयदौर्बल्याचे उपचार : रुग्णालयापासून घरापर्यंत

परभणी जिल्ह्यातील पालम हे गंगाखेड-लोहा मार्गावरील तालुक्याचे गाव. या परिसरातील खेड्यांत एखाद्या वयस्क शेतकऱ्याला चालताना धाप लागू लागली, की ती वयाची किंवा दम्याची समजली जाते. पायांवरील सूज श्रमाची मानली जाते. अनेकदा या दोन्ही लक्षणांमागे हृदयाचे दौर्बल्य असते. डॉक्टर त्याला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नसून, शरीराला लागणारे रक्त पुरविण्यास ते कमी पडत आहे, एवढाच आहे. रक्ताचा प्रवाह मागे तुंबतो आणि फुप्फुसांत व पायांत पाणी साठते. रात्री उताणे झोपवत नाही, उशा वाढवाव्या लागतात.

हृदयविकाराचा झटका, दीर्घकाळचा रक्तदाब, मधुमेह, बालपणीच्या संधिज्वराने खराब झालेल्या झडपा व अतिमद्यपान ही त्याची प्रमुख कारणे होत. क्वचित प्रसूतीच्या सुमारास तरुण स्त्रियांनाही हा विकार जडतो.

रुग्णालयात काय केले जाते?

रुग्ण गंभीर अवस्थेत आला, तर गरजेनुसार प्राणवायू देतात आणि साठलेले पाणी लघवीवाटे काढून टाकणारे इंजेक्शन देतात. त्यानंतर ईसीजी, रक्ततपासणी व इकोकार्डिओग्राफी करतात. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातील रक्ताचा किती भाग बाहेर टाकतो, हे या शेवटच्या तपासणीत कळते. हे प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून कमी असल्यास हृदयाची आकुंचनशक्ती घटली, असे मानतात. काही रुग्णांत प्रमाण ठीक असते. परंतु हृदयाच्या भिंती ताठर झालेल्या असतात.

आकुंचनशक्ती घटलेल्या रुग्णांसाठी आज चार गटांतील औषधे आधारभूत मानली जातात : एनालाप्रिल किंवा त्या जातीची नवी औषधे, बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे. ती अल्प मात्रेत सुरू करून, रक्तदाब व रक्ततपासणी पाहत वाढवावी लागतात. म्हणूनच रुग्णालयातून घरी जाणे हा उपचारांचा शेवट नव्हे.

घरी परतल्यानंतरचे आठवडे

केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ मध्ये अशा १,२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. वर्षभरात त्यांपैकी दर दहांतील सुमारे तिघे दगावले. उलट, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४ देशांतील एका अभ्यासात, घरी गेल्यावर वारंवार तपासून दोन आठवड्यांत औषधे पूर्ण मात्रेला नेलेल्या रुग्णांपैकी १५.२ टक्के सहा महिन्यांत दगावले किंवा याच विकाराने पुन्हा दाखल झाले. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत हे प्रमाण २३.३ टक्के होते. फरक पडला तो पाठपुराव्यामुळे.

हा पाठपुरावा खेड्यात कसा व्हावा? रुग्णाने रोज सकाळी लघवीनंतर व न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले, तर ती चरबी नसून पाणी होय. धाप वाढण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ यांतून जाणारे मीठ आवरावे. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या टाळाव्यात; त्यांनी शरीरात पाणी साठते. उन्हाळ्यात किती पाणी प्यावे व लघवीची गोळी किती घ्यावी, हे डॉक्टरांनाच विचारावे.

बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणे हा सर्वांत मोठा धोका. ऊसतोडीला अथवा मजुरीला बाहेरगावी जाणाऱ्या रुग्णांबाबत तो विशेष असतो. निघण्यापूर्वी पुरेशी औषधे व उपचारांचे कागद बरोबर घेतले, तर कारखान्याजवळच्या डॉक्टरलाही उपचार पुढे चालविता येतात.

येथे गावाचाही वाटा आहे. ग्रामपंचायतीने एक भरवशाचा वजनकाटा सर्वांना वापरता येईल अशा ठिकाणी ठेवावा. शिक्षकांनी निरक्षर रुग्णाच्या नातवंडांना वजनाची वही लिहावयास शिकवावे. गंभीर प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात कोणते उपचार मिळू शकतात, याची चौकशी आरोग्यमित्राकडे करावी. तज्ज्ञ डॉक्टर शहरात असले, तरी हृदय सांभाळण्याचे रोजचे काम घरातच होते. ते नेटाने झाले, तर कित्येक रुग्ण पुन्हा आपल्या शेताच्या बांधापर्यंत चालत जाऊ शकतील.