बाळंतपणाची भीती आणि स्वसंमोहन : घरच्या घरी करायचा सराव



गेल्या महिन्यात सातपूरच्या आमच्या वस्तीत, विहारातली रविवारची वंदना झाल्यावर गरोदर बायकांची बैठक घेतली. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, रक्ताचा रिपोर्ट असे नेहमीचे बोलून झाले. कुणाला काही विचारायचे आहे का म्हटल्यावर सातवा महिना लागलेली एक पहिलटकरीण खाली मान घालून म्हणाली, "ताई, दुखतं ते ठाऊक आहे. पण तिथं ओरडलं तर मारतात का?" दोघी-तिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. "नाही, मारत नाहीत" असे छातीठोकपणे सांगणारी एकही बाळंतीण त्या खोलीत नव्हती.

आम्हालाही पटकन उत्तर देता आले नाही. नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही बरीच वर्षे लेबर रूममध्ये काढली. एका रात्रीत सात-आठ बाळंतपणे, हाताखाली एकच मावशी, अशा वेळी आम्हीही बायकांवर खेकसलो आहोत. "गप पड, तूच एकटी बाळंत होतेस का," हे वाक्य आमच्याही तोंडून गेले आहे. मांडीवर चापट मारणारा हात पाहिला आणि गप्प बसलो. घाबरलेल्या बाईला आणखी घाबरवले की तिची कळ जास्त दुखते आणि बाळंतपण लांबते, हे पुस्तकात वाचलेले होते, पण ड्युटीवर कुणी आठवत नव्हते. ते उशिरा कळले म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

गर्भाशय म्हणजे स्नायूंची पिशवी. कळ येते तेव्हा वरचे स्नायू आकसतात आणि खालचे तोंड थोडे थोडे वर ओढून उघडतात. ते १० सेंटिमीटर उघडले की बाळाची वाट मोकळी होते. आता कुत्रा अंगावर आला तर शरीर काय करते ते आठवा. छाती धडधडते, दात आवळतात, खांदे वर चढतात, मांड्या घट्ट होतात. पळण्यासाठी लागणारे ॲड्रेनलिन रक्तात उतरते. बाळंतपणात पळायचे तर नसतेच, पण शरीराला ते कळत नाही. कळा आणणारे ऑक्सिटोसिन शांत, सुरक्षित वाटणाऱ्या बाईत चांगले सुटते, भीतीत त्याचे काम बिघडते. अंग आवळले की जास्त दुखते, जास्त दुखले की भीती वाढते. इंग्लंडच्या ग्रँटली डिक-रीड या डॉक्टरांनी १९३३ साली आपल्या पुस्तकात हे चक्र मांडले: भीती, ताण, वेदना. त्यांचा रोख असा होता की भीती गेली तर वेदना जवळजवळ राहणारच नाही. हे मात्र आम्हाला मान्य नाही. कळ दुखते, ती मनाचा खेळ नाही. तिच्यावर भीतीने चढवलेले ओझे तेवढे उतरवता येते.

ते उतरवण्याचा एक मार्ग म्हणजे स्वसंमोहन. शब्द ऐकून दचकू नका. संमोहन म्हणजे भानामती किंवा वशीकरण नव्हे, आणि स्वसंमोहनात तर दुसरा कुणी नसतोच. सिटीलिंकच्या बसमध्ये विचारात गढून जातो आणि आपला स्टॉप मागे पडतो, तेव्हा मन एका गोष्टीत बुडालेले असते आणि बाकीचे आवाज लांब गेलेले असतात. ही अवस्था मुद्दाम, सरावाने आणायची आणि त्या वेळी स्वतःला मोजक्या शब्दांत सूचना द्यायची, एवढेच त्यात आहे. महाराष्ट्रात प्रा. श्याम मानवांसारख्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीच याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत, म्हणजे बुवाबाजीशी लढणाऱ्या माणसांना यात जादू दिसलेली नाही. गर्भसंस्काराच्या नावाने मंत्र विकणाऱ्या महागड्या वर्गांशीही याचा संबंध नाही.

आपल्या घरांत आनापान माहीत आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिर केलेली एखादी आत्या-मावशी बहुतेक घरांत निघते. आनापानात श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो, बदलायचा नसतो. इथे आपण बाहेरचा श्वास मुद्दाम लांबवतो, एवढा फरक. पण ज्या बाईला श्वासावर मन ठेवायची सवय आहे तिला हे दोन दिवसांत जमते, हे आम्ही पाहिले आहे.

सातव्या महिन्यापासून रोज पंधरा मिनिटे काढा. डाव्या कुशीवर झोपा, दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेली गोधडी ठेवा. या दिवसांत फार वेळ उताणे पडू नये. आधी दोन्ही मुठी आवळा, पाच मोजा, सोडा. मग खांदे कानांकडे ओढा, सोडा. मांड्या आवळा, सोडा. पायाचे पंजे पुढे ताणू नका, पोटरीत गोळा येतो. अंगठे आपल्याकडे ओढा आणि सोडा. शेवटी जबडा. दातावर दात नको, ओठ सैल. हे महत्त्वाचे आहे, कारण जबडा आवळलेली बाई खालचे अंगही आवळून धरते, हे आम्ही लेबर रूममध्ये पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आता श्वास. नाकाने चार मोजत आत घ्या, तोंडाने सहा मोजत बाहेर सोडा. चूल फुंकतो तसे जोराने नाही. बशीतल्या गरम चहावर घालतो तशी हलकी फुंकर. घाईघाईने धापा टाकल्या तर चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात.

मग डोळे मिटून त्रिरश्मी लेण्यांवरून खाली उतरत आहोत असे पाहा. पायथ्याला बुद्ध स्मारक आहे. दहापासून उलटे मोजा. प्रत्येक फुंकरीला एक पायरी, प्रत्येक पायरीला अंग आणखी सैल. एकवर आलात की मनात म्हणा, "कळ येते, कळ जाते. माझे अंग सैल आहे. वाट उघडते आहे." तीन-चार वेळा म्हणा आणि त्याच वेळी अंगठा व पहिले बोट जुळवा. रोज असे केले की बोटे जुळवताच अंगाला सैल व्हायची आठवण होते. परत येताना एक ते पाच मोजा, डोळे उघडा, हातपाय हलवा, सावकाश उठा.

आमच्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत शांतता कुठून आणायची, असे कुणी विचारेल. आणू नका. एमआयडीसीचा भोंगा वाजू दे, शेजारी टीव्ही चालू दे. "आवाज आला की मी आणखी सैल होते," एवढे मनात धरा. लेबर रूमही शांत नसते. एसीच्या खोलीत शिकलेल्या बाईपेक्षा गोंगाटात शिकलेली बाई तिथे कमी बिचकेल, असे आमचे मत आहे. हा मजकूर बहिणीकडून किंवा जावेकडून मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून घ्या. ओळखीचा आवाज कोणत्याही सीडीपेक्षा बरा.

प्रत्यक्ष कळांच्या वेळी एक हिशेब लक्षात ठेवा. कळा जोरात असतात तेव्हा साधारण दहा मिनिटांत तीन-चार येतात आणि एकेक कळ मिनिटभराच्या आत-बाहेर टिकते. म्हणजे दहातली सहा मिनिटे कळ नसते! घाबरलेली बाई ती सहा मिनिटेही पुढच्या कळेची वाट पाहत आवळून बसते आणि थकून जाते. सरावाचा खरा उपयोग या सहा मिनिटांत आहे. कळ गेली की खांदे सोडा, घोटभर पाणी घ्या, डोळे मिटा. कळ येताना फुंकर सुरू करा. डॉक्टरांची हरकत नसेल तर चाला, भिंतीला टेका. महामायेने लुंबिनीत शालवृक्षाची फांदी धरून उभ्यानेच सिद्धार्थाला जन्म दिला, हे शिल्प आपण सर्वांनी चित्रात तरी पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही चालणे-फिरणे, उभ्याने किंवा बसून कळा सोसणे, श्वासाचा व शिथिलीकरणाचा सराव, कमरेला चोळणे आणि शेक हे सर्व सुचवले आहे. वरून पोट दाबून बाळ ढकलू नये, असेही त्यात आहे.

सोबत माणूस हवे. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली, आणि २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात लेबर रूममधली सन्मानाची वागणूक हा दर्जाचा भाग धरला आहे. सोबतीण घरातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली, सर्दी-खोकला किंवा साथीचा आजार नसलेली. तिने डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही. नाव घालतानाच विचारून ठेवा. "सिस्टर, सरकारी नियमात सोबतीण आहे, हिला आत राहू द्या," असे नम्रपणे पण ठाम सांगा. सोबतिणीने मोजायचे, खांद्यावर हात ठेवून "सैल सोड" म्हणायचे. कुणी हात उगारला तर तिथे साक्षीदार आहे, हेही कमी नाही.

आता मर्यादा. संमोहनावरच्या नऊ चाचण्यांचा आढावा २०१६ साली निघाला, त्यात सुमारे तीन हजार बायका होत्या. एकंदर वेदनाशामक औषध थोडे कमी लागते असे दिसले, पण कमरेतून द्यायचे एपिड्युरल कमी झाले नाही. इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीतही एपिड्युरलमध्ये फरक पडला नाही. मात्र बाळंतपणाची जेवढी भीती वाटेल असे त्यांना आधी वाटले होते, त्याहून ती प्रत्यक्षात कमी ठरली. म्हणून कुणी "दुखणारच नाही" म्हणाले तर विश्वास ठेवू नका. आणि सासूबाईंनो, नवरे मंडळींनो, "तू सराव केलास ना, मग ओरडतेस कशाला," असे तिला म्हणू नका. ओरडणे हा गुन्हा नाही. वेदनेचे औषध मागणे, सिझेरियन लागणे हा सरावाचा पराभव नाही. मनाचा मोठा आजार किंवा फिट्सचा त्रास असेल तर सरावाआधी डॉक्टरांना विचारा.

प्रेस मशीनवर आठ तास उभी राहणाऱ्या बाईला नुसते "शिथिल हो" म्हणणे ही तर थट्टाच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तो कामगार बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर पगारी विसावा मिळावा म्हणून. आज ईएसआयमध्ये असलेल्या बाईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ठेकेदार ईएसआय कापतो का, ते पगाराच्या चिठ्ठीवर आजच पाहा.

घरी सराव करायचा म्हणजे बाळंतपण घरी करायचे नाही. अंगावरून रक्त जाणे, पाणी हिरवट येणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा सुजणे, फिट येणे, ताप, नववा महिना भरण्याआधीच कळा, यातले काहीही झाले तर श्वास मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि गाडी २०११ पासून मोफत आहे.

त्या पहिलटकरणीला आम्ही शेवटी एवढेच सांगितले, "मारण्याचा हक्क कुणालाही नाही. तू एकटी जाणार नाहीस." पुढच्या रविवारी ती जावेला घेऊन आली. जाऊ दोन मुलांची आई आहे, पायऱ्या मोजताना तिलाच आधी झोप लागली. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास विहारात हा सराव चालतो. येताना चटई, एक गोधडी आणि जी सोबत राहणार आहे तिला घेऊन या.