भाड्याचं घर, अकरा महिने आणि आमचा कारवानी

फायनल इयर संपलं की आपल्यापैकी बरेचजण पुण्याचा रस्ता धरतात. घर कसं शोधायचं हे सीनियर मंडळी सांगतात, पण सोबत कुत्रा असेल तर काय, हे कोणी सांगत नाही. दादाला हिंजवडीत नोकरी लागली, आई-बाबाही त्याच्याकडे जाणार असं ठरलं आणि आमच्या मुरुमच्या घराला कुलूप लागायची वेळ आली. प्रश्न उरला आजोबांनी पाळलेल्या शेऱ्याचा. शेजारच्यांनी सल्ला दिला, "मळ्यात सोडून द्या, जगतंय की." नऊ वर्षं घरच्या भाकरीवर वाढलेला कुत्रा असा जगत नसतो, मित्रांनो. दादाला सुट्टी नव्हती, म्हणून घरशोधणीचं काम माझ्याकडे आलं.

शेऱ्या कारवानी जातीचा. आपल्या मराठवाड्यात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ही लांब पायांची, अंगाने सडपातळ शिकारी कुत्री मेंढपाळांकडे, शेतकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिकडे यांनाच मुधोळ म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. पण तिकिटावर मान मिळाला म्हणून फ्लॅट मिळत नाही! एजंट फोनवर विचारायचा, "लॅब्रॅडॉर आहे का?" मी म्हणायचो, "नाही, शिकारी आहे." पुढे फोन बंद. नंतर मी "शांत आहे, फारसा भुंकत नाही" एवढंच सांगू लागलो, आणि ते खरंही होतं.

आता मुद्द्याचं. नकार दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. पहिला सोसायटीचा: "आमच्याकडे ठराव झालाय, कुत्री चालत नाहीत." भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला रहिवाशाच्या पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. केरळ उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये अशा बंदीचे नियम बेकायदा ठरवले. राज्यघटनेच्या कलम 51-क मध्ये प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे, तोही आधार या युक्तिवादात येतो.

दुसरा नकार घरमालकाचा. इथे वरचा कागद दाखवून काही उपयोग नाही. घर त्याचं, कोणाला द्यायचं हे तो ठरवणार. मी एका काकांपुढे 2015 च्या सूचनांची प्रिंट ठेवली, तर ते म्हणाले, "बाळा, सोसायटीचं ठीक आहे, पण सोफा माझा आहे." उत्तर बिनतोड होतं.

म्हणून खरं काम करारनाम्यात आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज अजून पुष्कळ ठिकाणी आहे. नोंदणी कायदा, 1908 प्रमाणे वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, त्यातून हा अकराचा आकडा आला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार आपल्याकडे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तरीही तोंडी "चालेल हो" वर विसंबू नये. कुत्र्याचा उल्लेख एका ओळीत, जात आणि संख्येसह करारात घालावा. नुकसान अनामत रकमेतून वळतं होईल, हेही आपणच लिहून द्यावं. मालकाची भीती कुत्र्याची कमी आणि ओरखडलेल्या दारांची जास्त असते, असं माझं निरीक्षण आहे.

फाईलमध्ये कागद तयार ठेवावेत: रेबीजच्या लसीचं कार्ड (लस दरवर्षी टोचावी लागते) आणि शहरात गेल्यावर महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना. परवान्यासाठी लसीचा दाखला मागतात, त्यामुळे लस गावीच टोचून घेतलेली बरी. आम्ही उमरग्याच्या डॉक्टरांकडून कार्ड भरून घेतलं. आणखी एक, कुत्रा घेऊन घर बघायला जाऊ नये. आधी आपण जावं, मालकाशी बोलणं जमलं की मग कुत्र्याची भेट घालून द्यावी.

शेवटी वाकडच्या पुढे एका जुन्या बैठ्या घराचा अर्धा भाग मिळाला. भाडं बजेटच्या दीड हजार वर, अनामत तीन महिन्यांची. मालकीणबाई मूळच्या लातूरकडच्या निघाल्या. शेऱ्याला बघून म्हणाल्या, "अगं बाई, कारवानी! आमच्या वाड्यावर होता असला." फक्त एक अट घातली, त्यांच्या मांजरीच्या वेळेला, म्हणजे संध्याकाळी सहा ते सात, शेऱ्या पट्ट्याला बांधलेला हवा. तीही करारात लिहिली.